पट्टा सुटला असेल

डॉ. खोब्रागड्यांच्या मोबाइलवर मेलेले मेसेज करतात. जिवंत माणसांचे मेसेज ते आठवडा आठवडा उघडत नाहीत, पण मेलेल्याचा आला की भरल्या ताटावरून उठतात.

एका पाडव्याला ते आमच्याकडून असेच उठले. अर्धी पुरी तोंडात, अर्धी हातात. माझ्या बायकोला, मनालीला, वाटलं श्रीखंडात काहीतरी निघालं. "सॉरी वहिनी, एक पिल्लू गेलं," म्हणत ते बूट चढवायलाही लागले होते.

आम्ही राहतो अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात. इथं मराठी माणसं कमी आणि मूस जास्त. मूस म्हणजे हरणाच्या जातीतला सगळ्यात थोराड प्राणी, घोड्याहून उंच. मी घरात बसून एका इन्शुरन्स कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. डॉक्टर नागपूरला व्हेटरनरी करून आले आणि इथल्या विद्यापीठात मूसच्या आजारांच्या मागे लागले. हिवाळ्यात ते पिल्लांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधतात. पट्टा काही तास हलला नाही, की मेसेज येतो. मग लगेच निघायचं. उशीर झाला तर अस्वलं आणि कोल्हे आधी पोचतात, आणि पिल्लू कशानं मेलं ते कळायचं राहून जातं.

मेलेलं असतं बहुधा गोचिडीनं. शरद ऋतूत एकेका पिल्लावर हजारोंनी चढतात, हिवाळाभर बसून असतात आणि एप्रिल येईपर्यंत त्याला आतून कोरडं करतात. बर्फ लवकर पडला तर गोचिडी मरतात. त्यामुळे लवकर बर्फ पडला की आम्ही सगळे शिव्या देतो आणि डॉक्टर एडिसन गावच्या देशी दुकानातून मागवलेले पेढे वाटत फिरतात.

बाकी त्यांचं बोलणं एकाच प्रश्नावर चालतं. मंडळाचा कार्यक्रम बारगळला: "कॉज ऑफ डेथ?" मनालीची इडली बसली: "कॉज ऑफ डेथ?" एकांचा डिव्होर्स झाला तर त्यांनाही हेच विचारलं. त्या घरी आता डॉक्टरांना बोलावत नाहीत.

एकदा मी हौसेनं त्यांच्याबरोबर गेलो. गुडघाभर बर्फात तंगडतोड केली, आणि शेवटी काय, तर एका झुडपाला नुसता पट्टा लटकलेला. पिल्लू पट्टा सोडून पळालेलं. मी चिडलो. डॉक्टर मात्र मुलगा पास झाल्यासारखे खूश.

"अहो, पट्टा सुटला असेल हे आधीच कळायला नको?"

"घरी बसून नाही कळत, निखिल. सुटला असेल असं समजायचंच नाही. मेसेज आला की जायचं. रूल आहे."

माणूस एकटा. आई तिकडे भंडारा जिल्ह्यात, पवनीला, तीही एकटी. कित्येक वर्षं डॉक्टर गेले नव्हते. "तिकडे व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं, परतच येता आलं नाही तर? इथं सीझन चालू असतो." इकडे जंगलात मूसच्या मागे धावायला यांना वेळ, आणि आईकडे जायला स्टॅम्पिंग आडवं! मला राग यायचा, आणि अजूनही येतो.

आईसाठी त्यांनी केलं काय, तर मनगटाचा पट्टा पाठवला. काही तास हालचाल नाही, की यांना मेसेज. शास्त्रज्ञाला दुसरं काय सुचणार!

पहिल्याच आठवड्यात मेसेज आला. डॉक्टरांनी हादरून फोन लावला. तिकडून शांतपणे, "जयभीम. काहून रे, आज कशी आठवण आली?"

"आई, पट्टा कुठाय?"

"टीव्हीवर ठेवला. अन् पट्टा म्हणू नको. मी काय कुत्री होय का?"

मग अर्धा तास गप्पा झाल्या. म्हातारीला युक्ती कळली. मुलाशी बोलावंसं वाटलं की पट्टा काढायचा, टीव्हीवर ठेवायचा आणि फोनची वाट बघत बसायचं. डॉक्टर हसून सांगायचे, "मूससुद्धा इतकी हुशार नसते!"

मी म्हटलं, "डॉक्टर, मग तुम्हीच रोज एक फोन का करत नाही?"

"काय बोलू यार? जेवलीस का विचारतो, ती हो म्हणते. संपलं."

गेल्या एप्रिलमध्ये एका रविवारी मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो होतो. या वेळी पिल्लू होतं. पाइनच्या झाडाखाली आडवं पडलेलं, खांद्यावरचे केस घासून घासून गेलेले. डॉक्टर हातमोजे घालून गुडघ्यावर बसले, कातड्याच्या एका चौकोनातल्या गोचिडी मोजायला लागले. तेवढ्यात त्यांच्या जॅकेटमध्ये फोन वाजला. हात रक्तात होते, म्हणून मला बघायला सांगितलं.

"आईचा पट्टा," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "सुटला असेल. ठेवला असेल टीव्हीवर. हे आटपतो, मग निवांत बोलतो."

त्यांनी मोजणी पूर्ण केली, रक्त घेतलं, बाटल्यांवर नावं घातली. मग मोजे काढले, बर्फानं हात चोळून धुतले आणि फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग शेजारच्या मीराताईंना. त्या फोन चालू ठेवूनच आईच्या घरात गेल्या. त्यांची हाक ऐकू आली, मग रडणं. आई खुर्चीतच गेल्या होत्या.

डॉक्टरांनी एकच विचारलं. "मीराताई, पट्टा कुठाय?"

"हातातच आहे रे बाप्पा."

फोन बंद झाला. मी समजावत राहिलो, की मेसेज आला म्हणजे काही तास आधीच सगळं झालेलं असणार, लगेच फोन करूनही त्या वाचल्या नसत्या. हे त्यांना मी सांगत होतो! त्यांनी मान डोलावली. रडले नाहीत. परत पिल्लाजवळ जाऊन बसले आणि त्याच्या मानेवरच्या गोचिडी उघड्या हातांनी एकेक काढायला लागले. बाटलीत टाकत नव्हते. मोजतही नव्हते.

"डॉक्टर, चला," मी म्हटलं.

"एवढी मान साफ करून देतो तिची," ते म्हणाले.