ब्राउझरचं परस्पर उत्तर

"आई, तुम्ही फक्त ओव्हन तापवा, बाकी सगळं माझ्यावर सोडा!" जावईबापूंनी छाती फुगवून सांगितलं. सासूबाई निवृत्तीनंतर केकचं दुकान काढत होत्या. आयुष्यभराची हौस! आणि दुकानाची वेबसाइट करणार होते घरचे प्रोग्रॅमर.

वेबसाइट दिसायला झकास झाली. फक्त मागण्या घेणारा सर्व्हर तयार नव्हता. पण सासूबाईंना दाखवायचं तर होतं! मग या पठ्ठ्याने ब्राउझरमध्येच छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. कुणी बटण दाबलं, की मागणी पुढे पाठवायचीच नाही. तिथल्या तिथे 'रिस्पॉन्स' तयार करायचा. स्टेटस दोनशे, म्हणजे सगळं आलबेल, आणि मजकूर, 'मागणी मिळाली, आभारी आहोत!' पत्र पेटीत न टाकता आपणच उत्तर लिहून घ्यावं, तसला प्रकार. सासूबाईंनी बटण दाबलं, उत्तर झळकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. जावईबापू इतके हुरळले की पुढे सर्व्हर जोडला, पण स्क्रिप्ट काढायची साफ विसरले!

उद्घाटनाच्या दिवशी दुपार झाली तरी एकही मागणी नाही. नवा एप्रन बांधून सासूबाई ओव्हनसमोर बसून होत्या.

"माझे केक कुणाला नकोच आहेत की काय हो?"

जावईबापूंनी लगबगीने मोबाइल काढला. त्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन लावले. "अहो, मागवा की! आत्ताच्या आत्ता!" लोकांनी भराभर मागवलं. प्रत्येकाला गोड उत्तर मिळालं. ओव्हन मात्र रिकामाच!

संध्याकाळी दुकानासमोर ही गर्दी! "माझा चॉकलेट केक?" "आमचा दोन मजली कुठाय?" शेजारचा न्हावी तर मोबाइलच नाचवत होता. "हे बघा, मिळाली म्हणतंय!"

मोबाइलवरचं ते उत्तर पाहिलं आणि जावईबापूंना ती विसरलेली स्क्रिप्ट आठवली.

"आई, मागण्या सकाळपासून येत होत्या. माझ्या स्क्रिप्टनेच सगळ्यांची परस्पर बोळवण केली."

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण सासूबाईंचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे एवढ्या सगळ्यांना माझे केक हवेत?" त्यांनी बाह्या सरसावल्या आणि गर्दीला बजावलं, "उद्या सकाळी प्रत्येकाच्या हातात केक असेल!" मग त्या जावयाकडे वळल्या. "तुमच्यावर काय रागावायचं? ते यंत्र तुमच्याच वळणावर गेलंय. माझं ऐकून घेण्याआधीच उत्तर तयार! आता तरी नीट ऐका. आज रात्री..."

"हो आई, नक्की!"

"छान. मग अख्खी रात्र अंडी तुम्हीच फेटायची!"