अकरा गुणांची नेमबाजी

व्हर्लिन ऑस्ट्रँडरचा आकड्यांवर इतका विश्वास होता, की बायकोने ताप आलाय म्हटलं तरी तो आधी थर्मामीटर शोधायचा. ओहायोतल्या एल्डरकिन कॉलेजच्या क्रीडाविभागात तो तीस वर्षं माहिती अधिकारी होता. कोण जिंकलं, कितीने जिंकलं, हे लिहून वर्तमानपत्रांना धाडणं हे त्याचं काम. त्यातलं जिंकण्याचं काम फारसं पडत नसे.

त्या मार्चमध्ये एल्डरकिनचा बास्केटबॉल संघ एकोणीस वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेत पोचला आणि पहिल्याच सामन्यात एकतीस गुणांनी हरून परत आला. सगळ्या गावावर सुतकी कळा पसरली. हायवेवरच्या हॉटेलात कोच बॉइड टॅकेट ॲपल पायच्या तुकड्यासमोर बसला होता आणि काट्याने त्याला नुसता टोचत होता.

"आईचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाली, बाकीच्या कोचना जमतं रे, तुलाच कसं जमत नाही?"

व्हर्लिनला गलबलून आलं. "बॉइड, साडेतीनशेच्या वर कॉलेजं बास्केटबॉल खेळतात. त्यातले अडुसष्ट संघ स्पर्धेत जातात. एक दिवस वाईट गेला की संपलं. तू नापास नाहीस, तुझा पेपरच कठीण आहे. मी आकड्यांत सिद्ध करून देतो."

"आईला समजेल असं दे," बॉइड म्हणाला.

व्हर्लिनने दोन दिवस खपून तक्ता केला. प्रत्येक खेळात किती संघ, किती फेऱ्या, नशिबाचा वाटा किती, तेच तेच संघ कितीदा जिंकतात, सगळं मोजून शंभरपैकी गुण दिले. विजेतेपद मिळवणं जितकं अवघड तितके गुण जास्त. बास्केटबॉलला चौऱ्याण्णव पडले. कुस्ती, पोहणं, गोल्फ मधे कुठेतरी. सगळ्यात खाली रायफल नेमबाजी, कारण देशभरात तिचे संघ असतील जेमतेम तीसेक. गुण अकरा.

आता, एल्डरकिन कॉलेजने आजवर एकच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. ते नेमबाजीचं होतं. ते मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक नदीन ऑस्ट्रँडर या व्हर्लिनच्या सौभाग्यवती होत्या.

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण आकडा तो आकडा, त्यात घरचं-दारचं कसलं, असं त्याला वाटलं. शिवाय तक्ता फक्त बॉइडच्या आईसाठी होता.

बॉइडने तो आईला पाठवला, आणि दाराएवढा मोठा छापून व्यायामशाळेच्या प्रवेशदारापाशीही लावला, नेमका करंडकांच्या कपाटाशेजारी. कपाटात करंडक एकच होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्यापुढे चिठ्ठी ठेवली: 'अकरा.'

नदीनने ती चिठ्ठी घरी आणून न्याहारीच्या वेळी त्याच्या बशीशेजारी ठेवली.

"हे तुझं का?"

"अक्षर माझं नाही."

"अक्षराचं नाही विचारत."

"नदीन, ती फक्त संभाव्यता आहे. तुझ्याबद्दल त्यात काही..."

"अंडं गार होतंय," ती म्हणाली. पुढचे चार दिवस ती त्याच्याशी इतक्या अदबीने बोलली, की त्याला आपण घरात भाड्याने राहतोय असं वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी त्याने तक्त्यात एक रकाना वाढवला: अचूकता. नेमबाजी अकरावरून त्रेसष्टवर गेली आणि कुस्ती तिच्या खाली आली. दुपारी कुस्तीचा कोच दारात उभा. तो दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा.

"माझी पोरं वजन उतरवायला दोन-दोन दिवस जेवत नाहीत. उपासाचे गुण कुठायत?"

उपासाचा रकाना आला. मग पोहण्याच्या बाई आल्या. पहाटे पाचला गार पाण्यात उतरण्याचे गुण त्यांना हवे होते. रानातल्या शर्यतींचा कोच चिखलाबद्दल बोलायला आला आणि पुराव्यादाखल बूट घेऊन आला. नकार देणं व्हर्लिनला जन्मात जमलं नव्हतं. आठवड्याभरात सत्तावीस रकाने झाले आणि सगळे खेळ सत्तर ते बहात्तरच्या मधे येऊन बसले. बहात्तर मिळाले गोल्फला, कारण गोल्फचा कोच सगळ्यात शेवटी आला होता.

तोवर क्रीडाविभागाचे प्रमुख ग्रेसन पेल यांनी पहिला तक्ता वाचला होता. पेल वाचत फार कमी, पण वाचलेलं विसरत नसत. त्यांनी नवराबायकोला बोलावून घेतलं.

"व्हर्लिन, काम झकास झालंय," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी मला एक खेळ बंद करायचाच आहे. कुठला, ते ठरत नव्हतं. आता बघा, नेमबाजी सगळ्यात सोपी. तरी नदीनबाईंनी अठरा वर्षांत जिंकली ती एकदाच."

व्हर्लिनने घाईने नवा तक्ता पुढे सरकवला. "सर, तो तक्ता जुना झाला. नव्यात नेमबाजीला एकाहत्तर आहेत."

"मग यातला खरा कुठला?"

"दोन्ही खरे आहेत," व्हर्लिन म्हणाला. तीस वर्षांत यापेक्षा वाईट वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

नदीनने सरावाला जायला नेमबाजीचे हातमोजे चढवले. ते पाहून व्हर्लिनला सुचू नये ते सुचलं.

"सर, तुम्ही स्वतः एक गोळी झाडून बघा. अवघड म्हणजे काय ते तुम्हालाच कळेल."

नदीनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर थांब म्हणत होती. पण पेल उठलेही होते.

नेमबाजीची खोली तळघरात होती. संघाची कप्तान रोझलिन क्वापिश सराव करत होती. तिने पेलना आपलं जाड कातडी जाकीट चढवलं. पोटावर त्याची बटणं लागेनात. तिने समजावलं, "दहा मीटरवर तो कागद. मधला दहा गुणांचा ठिपका, पूर्णविरामापेक्षा लहान. श्वास सोडायचा, थांबायचं, मग हळूच."

पेलनी बंदूक फावड्यासारखी धरली. एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटले. आणि फट्.

रोझलिनने कागद ओढून घेतला. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो नदीनकडे दिला आणि नदीनने व्हर्लिनकडे. ठिपका जागेवर नव्हता. त्याच्या जागी भोक होतं.

"हं," पेल म्हणाले. "सोपं आहे की."

"आता आणखी एकोणसाठ झाडा," नदीन म्हणाली. "सामन्यात साठ असतात."

"नको, मला बैठक आहे," पेल म्हणाले. जाकीट काढून त्यांनी रोझलिनच्या हातात दिलं. कागद मात्र घडी करून खिशात घातला.

नेमबाजीचा पुढचा हंगाम शेवटचा ठरला.

रोझलिन दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकली असती. दोन ठिकाणांहून बोलावणंही होतं. "शेवटचं वर्ष आहे, बाई," ती नदीनला म्हणाली. "अर्ध्यात उठून कुठे जाऊ?" संघातले सहाही जण राहिले. नदीन त्यांना रोज दुपारी दोन तास उभं करायची. तळघराच्या एका कोपऱ्यात बास्केटबॉलवाल्यांची व्यायामाची वजनं आधीच येऊन पडली होती.

फेब्रुवारीत शेवटचा सामना केंटकीत होता. इतक्या वर्षांत व्हर्लिन प्रथमच संघाबरोबर गेला. मागच्या बाकावर बसून त्याने पाहिलं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी टाळी वाजवत नव्हतं. रोझलिन बंदूक गालाला लावायची, पुरता मिनिटभर दगडासारखी उभी राहायची, आणि मनासारखं जमलं नाही तर न झाडताच बंदूक खाली घ्यायची. पुन्हा पहिल्यापासून. व्हर्लिनने वही उघडली होती, पण त्या खाली घेतलेल्या बंदुकीचं काय लिहायचं ते त्याला कळेना.

परतीच्या गाडीत मुलं झोपून गेली. बाहेर कापलेल्या मक्याची धसकटं आणि मळकं बर्फ. व्हर्लिनने मांडीवर बातमी लिहिली. नदीनने न विचारता ती ओढून घेतली.

'एल्डरकिनच्या नेमबाजांना पाचवा क्रमांक,' तिने वाचलं. "किती संघांत, ते लिहिलं नाहीस."

"राहिलं."

"तुझ्याकडून? राहिलं?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. "म्हटलं, नसलं तरी चालेल. पाचवा छान वाटतं वाचायला."

नदीनने कागद त्याच्या मांडीवर परत ठेवला आणि स्वतःचं पेन काढून दिलं.

"सहा होते," ती म्हणाली. "लिही."

त्याने लिहिलं.