मामींच्या मिसरीत काणी

ज्वारीची काणी, म्हणजे रोगट कणसातली काळी पूड, मिसरीच्या रिकाम्या डबीत ठेवायची, असं मी ठरवलं तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. (मला कशातच वाटत नाही, ही आमच्या घरातली मुख्य तक्रार.)

मी परभणीला शेतकी खात्यात कारकून. निजामाच्या काळी उर्दूत टिपणं लिहायचो, आता मराठीत लिहितो. कळत तेव्हाही नव्हतं. पण साहेबांनी एकदा बुरशांवर व्याख्यान दिलं आणि मी खुळावलो. बुरशांत म्हणे एक मोठा वर्ग गदाधाऱ्यांचा. बारीक गदेसारख्या दांड्यावर बीजं धरतात. कुत्र्याची छत्री, गव्हाचा तांबेरा, ज्वारीची काणी, सगळं एकच खानदान! मी नमुने घरी आणू लागलो. श्रावणात पिठाच्या डब्याशेजारी शेणातल्या छत्र्या बघून माझी बायको शिवम्मा जी माहेरी पूर्णेला गेली, ती दिवाळी झाली तरी येईना.

सगळं फेकलं, असा मी निरोप धाडला. तेव्हा सासूबाई मल्लम्मा तिला घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "घर धड दिसलं तर पोरगी ठेवीन. न्हाई तर सांजच्या गाडीनं परत!"

घर चकाचक होतं. फक्त ती डबी कोनाड्यात राहिली होती. (फेकायला जीव होईना हो.)

चहा झाल्यावर मामींनी (सासूबाईंना मी मामीच म्हणतो) नेमकी तीच उघडली आणि बोटानं दातांना लावू लागल्या.

"जावईबापू, तंबाकू कुठली हाय? जरा बी लागंना."

बोलावं तर बायको जाते, न बोलावं तर सासूच्या तोंडात काणी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामी, थुंका! मिसरी न्हाई ती, काणी हाय!"

"आं? कणसातली काळी भुकटी?"

"विषारी न्हाई जी," मी घाईघाईनं म्हणालो, "छत्रीची चुलतबहीण हाय. दोघी गदाधारी."

शिवम्मानं कपाळावर हात मारला. "शरम वाटू द्या वो! माज्या आईला पिकाचा रोग चारायलात?"

मामींनी खळखळून चूळ भरली, शिवम्माचं बोचकं उचललं आणि जाता जाता आरशात दात पाहिले. पुन्हा पाहिले.

"पोरगी ऱ्हाऊ दे हितं," त्या म्हणाल्या. "दात लय लखलखायलेत. पर दर म्हैन्याला ह्याच भुकटीची एक डबी पोचती करा. न्हाई आली, की मी हिला न्यायला आलेच."

तेव्हापासून मी शिवारं धुंडाळतोय. परवा मुंजाजी नावाचा शेतकरी हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमच्या खात्यानं सांगितलं तसं बी गंधक चोळून पेरलं. यंदा काणी औषधाला बी न्हाई!"

मी तिथंच बांधावर बसून ढसाढसा रडलो. त्याला वाटलं, आनंदानं.