दाविदमास्तरांची अकरा भजी

दाविदमास्तर चुकलेल्या खेळाडूला खात.

मिशनच्या शाळेत ते चित्रकला शिकवीत आणि शाळेमागच्या खोलीत एकटेच राहत. फुटबॉलचा सामना संपला की छावणीजवळच्या हॉटेलात येऊन अकरा भजी मागवीत आणि आपला संघ टेबलावर मांडीत. गोलकीपर बटाट्याचा, विंगेवरचे दोघे मिरचीचे, बाकीचे कांद्याचे. मग सामना पहिल्यापासून सुरू होई. ज्याची चूक सापडेल त्याला "हा गेला" म्हणून तोंडात टाकीत.

लढाईची वर्षे होती. छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी नगरच्या आमच्या क्लबाचे दोन सामने ठरले होते. पहिला आम्ही एका गोलाने हरलो. चढाया आमच्याच जास्त होत्या; गोल एकही नव्हता. सेंटर फॉरवर्ड युसुफ गोलासमोर पुन्हा पुन्हा चुकला होता. क्लबाचे अध्यक्ष बापूसाहेब हॉटेलात आले ते त्याला परतीच्या सामन्यातून काढायचे ठरवूनच. युसुफ दाराजवळच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मी शेजारच्या टेबलाशी होतो.

"मास्तर, आधी त्या युसुफला खा," बापूसाहेब म्हणाले. "लई बॉल वाया घालवले त्यानं."

"थांबा, गरम आहे अजून." मास्तरांनी उजवीकडची मिरची पुढे सरकवली. "चढाई इथून होते. मिरची पळते झकास. पण बॉल देते कसा? उंच. समोर ते ताडमाड गोरे. त्यांच्या डोक्याला बॉल म्हणजे घरी आलेला जावई. आपली पोरं अनवाणी, आपला खेळ जमिनीवरचा. युसुफनं काय शिडी लावायची?"

"त्या विंगेवर आमचा भाचा नाना हुता."

"असं का," म्हणत मास्तरांनी नाना तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आले, पण सबंध खाल्ला.

बापूसाहेबांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "तिखट हाय ना? आईवर गेलाय," ते म्हणाले आणि सगळे हॉटेल हसले. "बरं, राहू द्या युसुफला. नान्याला सांगतो, बॉल खाली ठेव. न्हाई ऐकलं तर पुन्हा खा."

मंडळी पांगली. युसुफही उठला. मास्तरांनी त्याला समोर बसवून चहा सांगितला. नाना झाला, गोरे झाले, मग कुठल्या तरी जुन्या सामन्याची गोष्ट निघाली. मास्तरांचा चहा गार झाला तरी ती संपेना. अखेर युसुफ म्हणाला, "अम्मी वाट बघत असंल, मास्तर."

"मग जा की. वाट बघणारं माणूस असलं की थांबू नये."

तो दारापर्यंत गेला, तेव्हा मास्तरांनी विचारले, "उद्या येशील?"

"उद्या सामना कुठं हाय?"

"नाही. तू असाच ये."

युसुफने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि परत येऊन खुर्ची ओढली. "सांगा," तो म्हणाला. "मग पुढं काय झालं?"