देशभर कडाका

हवामान कचेरीत त्यांना सगळे ‘बहुधाराव’ म्हणत, कारण ‘बहुधा’ लिहिल्याशिवाय त्यांनी एकही अंदाज कधी बाहेर सोडला नव्हता. देश अवाढव्य. एका टोकाला बर्फ, तर दुसऱ्या टोकाला लोक पंख्याखाली. म्हणून बहुधारावांनी एक सोय काढली होती. उत्तरेच्या डोंगरांचा अंदाज आधी लिहायचा, तोच सगळ्या विभागांत चिकटवायचा आणि मग एकेक विभाग दुरुस्त करत खाली यायचं.

शरदातल्या त्या दुपारी त्यांनी डोंगरांसाठी लिहिलं, ‘आज रात्री पारा शून्याखाली. घराबाहेर पडू नये.’ धोक्याच्या इशाऱ्यात ‘बहुधा’ चालत नाही, त्यामुळे आधीच त्यांचा जीव टांगणीला लागलेला. मजकूर सगळीकडे चिकटवला आणि बायकोचा फोन आला. नळवाला आला होता आणि नवा नळ डावीकडे फिरणारा हवा की उजवीकडे, असं विचारत होता. यावर बरीच चर्चा झाली. फोन ठेवला आणि काम संपल्याच्या समाधानात बहुधारावांनी ‘पाठवा’ दाबलं.

थोड्याच वेळात टायपिस्टबाई धावत आल्या. “अहो, समुद्रकाठच्या शाळा सोडून दिल्या! माझा भाऊ तिकडे उन्हात कानटोपी घालून बसलाय!”

बहुधारावांच्या ध्यानात आलं, बाकीचे विभाग दुरुस्त करायचे राहूनच गेले होते. आता नोकरी जाणार, या वयात दुसरीकडे कोण उभं करणार! दुरुस्ती पाठवायची, तर साहेबांची परवानगी हवी. ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेब नुकताच फोन ठेवून खुशीत बसले होते.

“या, या! मंत्र्यांचा फोन होता. म्हणाले, इतका ठाम अंदाज पहिल्यांदाच पाहिला.”

“साहेब, ते चुकून...”

“मी सांगून टाकलं, मी स्वतः काढलाय म्हणून.”

बहुधारावांनी कशीबशी सगळी हकिगत सांगितली. साहेबांचा चेहरा उतरला.

“दुरुस्ती पाठवू का, साहेब?”

“म्हणजे मी चुकलो असं देशाला सांगू?”

“पण रात्री थंडी पडलीच नाही तर?”

“तर अंदाज तुमचा,” साहेब शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी बहुधाराव घरी पोचले, तेव्हा बायकोने खिडक्या लावून सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या होत्या. आत नुसतं उकडत होतं. खरं सांगायची त्यांची छाती होईना. सकाळी वर्तमानपत्रात आपलं नाव कसं छापून येईल, हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. ते खुर्चीत बसले आणि भीतीने त्यांचे दात वाजू लागले.

“अगंबाई! तुम्हाला तर हुडहुडी भरली!” बायकोने त्यांच्या अंगावर गोधडी टाकली. मग खिडकी किलकिली करून ती समोरच्या वहिनींना ओरडून म्हणाली, “आली हो थंडी! आमचे हे कुडकुडतायत, आणि हे तर त्या खात्यातलेच!”

गल्लीतल्या उरल्यासुरल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या.