गुणाजी साळिंदराच्या चार मोटरी

एका जंगलात, मुलांनो, पंख नसलेल्या सगळ्यांना एकदमच उडायचं वेड लागलं. पाखरं फार मिरवायची, त्याचा हा परिणाम. कुणीतरी चार मोटरींचा ड्रोन आणला, त्याला कॅमेरा बांधला, आणि बघता बघता बिळाबिळात ड्रोन तयार व्हायला लागले. पाखरांनी मुकाट्याने झाडं बदलली.

त्या जंगलात गुणाजी नावाचा एक साळिंदर राहायचा. स्वभावाने चिकित्सक. चिकित्सक म्हणजे काय, ते मोठे झालात की कळेल. तुम्ही स्वतःच तसे निघालात, तर घरचे सांगतील.

गुणाजीच्या बायकोचं नाव रखमा. तिचं माहेर दरीच्या पलीकडच्या कड्यावर. मध्ये एक झाड आडवं पडलेलं होतं, त्यावरून येणंजाणं व्हायचं. ते झाड कुजून दरीत गेलं. वळसा घालून जायचं तर तीन दिवस लागत. आणि पलीकडे रखमाची म्हातारी आई एकटी होती.

"अहो, आई धड आहे का, एवढं जरी कळलं तरी माझ्या जिवाला बरं वाटेल," रखमा म्हणाली.

"आठ दिवसांत तुला तिचं दार दाखवतो," गुणाजी म्हणाला. "ड्रोन करायला घेतलाच आहे. फक्त मोटरी ठरायच्या आहेत."

शहाण्यांच्या जंगलात ही गोष्ट इथेच संपली असती.

शेजारी झिपरू मुंगूस राहायचा. त्याने घोरपडीच्या दुकानातून हाताला लागतील त्या मोटरी उचलल्या, त्याच दिवशी उडवल्या आणि त्याच दिवशी आपटल्या. त्या मोटरी उघडतच नव्हत्या. एक वाकली की ती टाकायची, दुसरी लावायची. झिपरू तेच करी आणि पुन्हा उडवी.

"वहिनी, चला की. माझ्या ड्रोनवरून आईंचं दार बघून घ्या," तो एकदा म्हणाला.

रखमा उठलीसुद्धा होती. गुणाजीने तिला बसवलं.

"जिचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, वाकला तर बदलता येत नाही, अशा मोटरीवरून सासूबाईंना बघायचं? त्यांचा काही मान आहे की नाही?"

रखमा बसली. नवऱ्याला सासूचा मान आठवावा, हे लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं.

आता गुणाजीचं काही चुकत होतं का? मुळीच नाही. हेच तर दुखणं होतं. तो बोलायचा ते सगळं बरोबर असायचं. मोटर घ्यावी तर पोलादी शाफ्टची. खालचा एक स्क्रू काढला की वरचं फिरतं झाकण सुटून हातात यावं. बेअरिंग अशा मापाचं असावं की घोरपडीकडे ते कधीही मिळेल. तो दुकानात जाऊन एकेक मोटर कानाशी धरून फिरवायचा आणि डोळे मिटून बेअरिंग ऐकायचा. सुरुवातीला घोरपड त्याला बसायला पाट द्यायची. पुढे पुढे तो लांबून दिसला, की ती 'जेवायची सुट्टी' अशी पाटी लावायला लागली.

असे तीन महिने गेले आणि मोटरी ठरल्या. त्या खरोखरच उत्तम होत्या. या बाबतीत गोष्ट सांगणाऱ्याला गुणाजीविरुद्ध बोलवत नाही.

ड्रोन तयार झाला. रखमा नवं लुगडं नेसून कड्यावर येऊन उभी राहिली. गुणाजी म्हणाला, "थांब. बेअरिंग एकदा बघून घेतो."

"बिघडलंय का?"

"नाही. पण मोटर उघडता येते म्हणून तर घेतली ना?"

त्याने मोटर उघडली. अंगावरचा एक काटा उपटून त्याने बेअरिंग बाहेर ढकललं, पुसलं, तेलाचा थेंब सोडला, पुन्हा बसवलं. चारही मोटरींचं झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, काल तेल जरा जास्तच झालं. तिसऱ्या दिवशी वाटलं, पुसताना फारच पुसलं.

गुणाजीला हे कळत नव्हतं असं समजू नका. त्याला पक्कं कळत होतं. उघडी मोटर मांडीवर घेतली की त्याला फार बरं वाटायचं, आणि उडवायचं म्हटलं की हात पुन्हा स्क्रूकडे जायचा. उडवला तर पडणार. पडला तर झिपरू हसणार. घरात ठेवलेला ड्रोन पडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

रोजच्या काढघालीने मोटर फ्रेमला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंची डोकी घासली. गुणाजीने डब्यातून दुसरे स्क्रू काढले. ते किंचित लांब होते. किंचित म्हणजे तिळाएवढे. "एवढ्याने काय होतंय," तो म्हणाला. बेअरिंगचा श्वास ऐकणारा हा प्राणी स्क्रूची लांबी बघायला विसरला. गोष्ट सांगणाऱ्याच्या घरीही असा एक डबा आहे, पण आज विषय गुणाजीचा आहे.

ड्रोन चालू केला. लांब स्क्रूंची टोकं आतल्या तांब्याच्या तारांना टेकली. धूर निघाला आणि एक मोटर जळाली.

रखमाने पदराने धूर वारला. गुणाजीचा चेहरा मात्र उजळला.

"बघ. झिपरूची असती तर फेकावी लागली असती. हिची तार नव्याने गुंडाळता येते."

"आणि आई?"

"चार दिवस दे."

तो तार गुंडाळायला बसला. मोटरीच्या आत लोखंडाचे बारा दात, आणि प्रत्येक दातावर तारेचे मोजून वेढे. मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. म्हणून घरात त्याला हाक मारायची बंदी झाली. रखमा दारात बसून दरीकडे बघत राहायची. एकदा ती न सांगता झिपरूकडे गेली. पण झिपरूच्या मोटरी संपल्या होत्या आणि घोरपडीकडे तसल्या पुन्हा आल्या नव्हत्या. हे ऐकून गुणाजीला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

अकराव्या दिवशी शेवटचा वेढा बसला. मोटर झकास फिरली. गुणाजीने मापाचे स्क्रू लावले, ड्रोन अंगणात ठेवला आणि रखमाला हाक मारली.

रखमा वाटेवर उभी होती. वाटेवरून तिची आई येत होती. पायांना फोड आले होते, अंगावरचे काटे मोडले होते, आणि काखेत लेकीसाठी करवंदांची पुरचुंडी होती.

"पोरीकडचं कुणीच फिरकत नाही. म्हटलं, काही बरंवाईट तर नाही?" म्हातारी म्हणाली. "तीन दिवसांची तर वाट. आले."

रखमा तिच्या गळ्यात पडून रडली. साळिंदरांना गळ्यात पडताना फार जपावं लागतं. त्या दिवशी दोघींनी जपलं नाही.

गुणाजी बाजूला उभा होता. त्याला लाज वाटली, आणि ती खरी होती. तो सासूच्या पाया पडला. मग त्याने एकदा ड्रोनकडे पाहिलं, एकदा दरीपलीकडच्या कड्याकडे.

"आई," तो म्हणाला, "दमला असाल. जेवून घ्या, दोन दिवस पडून राहा. मग जरा पलीकडे जाऊन दारात उभ्या राहता का? आता मोटरी अगदी तयार आहेत."

तात्पर्य: मुलांनो, मोटर नेहमी टिकाऊ आणि दुरुस्त होणारीच घ्यावी. ती जन्मभर पुरते. सासू मात्र त्याहून टिकाऊ बघून करावी, कारण उडायचं राहून गेलेलं अंतर शेवटी तिलाच पायी कापावं लागतं.