कुंपणाचं उत्तर

राज्याच्या अनुदान कार्यालयाचं ते पत्र व्यवस्थापकांच्या टेबलावर दीड महिना पडून होतं. विचारलं होतं एवढंच, की विमानतळाचं कुंपण कसं आहे आणि धावपट्टीवर जनावरं येतात का. व्यवस्थापकांनी उत्तराचे अकरा मसुदे केले. एकात विनय कमी वाटला, दुसऱ्यात गाऱ्हाणं जास्त. बारावा लिहायला घेतला आणि फोन आला, उद्या पाहणी अधिकारी येत आहेत.

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक खोली आणि एक जीप. पूर्वेचं कुंपण आडवं झालेलं. पलीकडच्या मावशींच्या शेळ्या तिथून चरायला येत, आणि रुग्णांना न्यायला येणारं छोटं विमान त्या हाकलेपर्यंत वर घिरट्या घालत राही. कुंपण झालं नाही तर पुढच्या महिन्यापासून आपण उतरणार नाही, असं वैमानिकाने बजावलं होतं.

पण पाहुणा येणार म्हटलं की पसारा आवरायचा, ही व्यवस्थापकांची जन्माची सवय. त्यांनी रखवालदाराला हाताशी घेऊन पडलेले खांब उभे केले, दोरीने एकमेकांना बांधले, वर चुना फासला. त्याच्याकरवी मावशींना विनवून शेळ्या बांधून ठेवायला लावल्या.

सकाळी अधिकारी विमानातून उतरले आणि पाहतच राहिले.

"वा! इतकं टापटीप कुंपण वर्षभरात पाहिलं नाही."

"आपली कृपा," व्यवस्थापक बोलून गेले.

"मग तुम्हाला अनुदान कशाला? एखाद्या गरजू विमानतळाला देऊ."

व्यवस्थापकांनी चुन्याचे हात पाठीमागे लपवले. "नाही म्हणजे... तसं पाहिलं तर..."

"संकोच नको. तुमचं कौतुकच आहे."

रखवालदार कानाशी लागला. "साहेब, सांगून टाका की!"

"कोणत्या तोंडाने सांगू? चुना अजून ओला आहे."

"मग शेळ्या सोडायला सांगू?"

"सांग, पळ!"

मावशी रखवालदारावर कडाडल्या, "काल म्हणालास बांधा, आज म्हणतोस सोडा. शेळ्या माझ्या आहेत की सरकारच्या?" तरी त्यांनी सोडल्या. शेळ्या कुंपणापर्यंत आल्या आणि नवं बांधकाम बघत शहाण्यासारख्या बाहेरच उभ्या राहिल्या.

अधिकारी विमानाकडे वळले. तेवढ्यात व्यवस्थापकांच्या पत्नी ओल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या.

"अहो, माझी कपड्यांची दोरी कुठाय?" मग त्यांची नजर कुंपणावर गेली. "अगंबाई! हिला इथे आणून बांधलीत होय?"

"अगं, थांब..."

पत्नींनी गाठ सोडली. पहिला खांब दुसऱ्यावर कलला, दुसरा तिसऱ्यावर, आणि बघता बघता सगळी रांग आडवी झाली. शेळ्या तिच्यावरून डौलात आत आल्या आणि थेट धावपट्टीवर जाऊन बसल्या.

"आता मी उडू कसा?" अधिकाऱ्यांचा वैमानिक ओरडला.

अधिकारी स्वतः बॅग आपटत शेळ्यांमागे धावले. चार फेऱ्यांनंतर धापा टाकत म्हणाले, "अहो, हे पत्रात का नाही कळवलंत?"

"शब्द मनासारखे येत नव्हते."

"उत्तर आजच्या टपालाने निघालं नाही तर अनुदान गेलं. मला ते हातात घेता येत नाही, नियम आहे. लिहा!"

व्यवस्थापक जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहू लागले. दोन पानं झाली. दुसऱ्यावर सही करत होते तेवढ्यात एका शेळीने मान लांब करून पहिलं पान ओढलं आणि शांतपणे खाऊन टाकलं.

"अरे, माझं पहिलं पान!"

"काय होतं त्यात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नमस्कार, दिलगिरी आणि थोडी प्रस्तावना."

अधिकाऱ्यांनी उरलेलं पान वाचलं. "कुंपण पडले आहे. शेळ्या रोज आत येतात. रुग्णांचे विमान उतरू शकत नाही. कृपया अनुदान द्यावे." खाली सही.

"शेळीला अक्कल आहे," ते म्हणाले.

जीप टपालपेटीपाशी थांबली. व्यवस्थापकांना अजून वाटत होतं, निदान नमस्कार तरी परत लिहावा. पत्नींनी पाकीट चिकटवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटले आणि ते पेटीत टाकलं.